झोपेच्या तीन सुया आणि एक उतारा

मित्रांनो, मी दोन सीसीची काचेची सिरिंज आहे. वयाने जुनी, आणि आता टोकाचा टवका उडालेली. माझे नाव ऐकताच तुमच्यापैकी निम्म्यांनी दंड चोळला असेल. खुशाल चोळा. माणसे मला भितात असे सगळे म्हणतात, पण ते साफ खोटे आहे. माणसांचे माझ्यावर फार प्रेम आहे, आणि त्या प्रेमाचाच मला वीट आला आहे. का, ते सांगते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. नळी आणि दट्ट्या असे माझे दोन भाग. ते एकमेकांवर घासून इतके नेमके जुळवतात की मधून पाण्याचा थेंबही निसटत नाही. जुळले की दोघांवर एकच आकडा कोरतात. दुसरीचा दट्ट्या माझ्या नळीत बसत नाही आणि माझा दुसरीत चालत नाही. एवढ्या काटेकोरपणे माणसांनी मला घडवले. मग माझ्या पोटात काय भरायचे, कधी आणि कुणासाठी, याचा विचार करायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची बुद्धी चरायला गेली.

एकाहत्तर साली मी भिंगारला आले. तिथे जुन्या बाजाराच्या तोंडाशी डॉ. विष्णुपंतांचे दहा खाटांचे खाजगी हॉस्पिटल होते. विष्णुपंत म्हणजे स्वच्छ पांढरा कोट, कपाळाला गंध आणि लोण्यासारखा मऊ आवाज. त्यांच्या हाताला गुण आहे, असे लोक म्हणत. लोकांचे काय जाते म्हणायला! कुणी ताप घेऊन येवो, कुणी खरूज घेऊन येवो, विष्णुपंत सुई देत. सुई दिल्याशिवाय रोग्याला परत पाठवणे त्यांना पाहुण्याला चहा न विचारता वाटेला लावण्यासारखे वाटे. बऱ्याचदा माझ्या पोटात नुसते लाल रंगाचे जीवनसत्त्व असे. पण लाल सुई मिळाली की खेड्यातून आलेला माणूस निम्मा बरा होऊनच एसटीत बसे. ज्या डॉक्टरने नाडी बघून, चार गोष्टी सांगून सुईशिवाय परत पाठवले, त्याला हीच माणसे वेशीबाहेर जायच्या आत अडाणी ठरवत.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. श्रीमंत नावाचा कंपाउंडर रोज सकाळी मला उकळत्या पाण्यात टाकी, माझ्या सुया दगडावर घासून धार लावी, आणि मग दिवसभर मी दंडामागून दंड टोचत असे. सगळे माझे कौतुक करत. कामाचे कौतुक होते तेव्हा बरे वाटते, पण बिनकामाचे कौतुक ऐकून माझी काच तडकायची वेळ येई.

हॉस्पिटलात एक लहान लोखंडी कपाट होते. विषारी आणि गुंगीची औषधे त्यात कुलपात ठेवायचा नियम होता. त्याची एकुलती एक किल्ली विष्णुपंतांच्या जानव्याला बांधलेली असे. त्या कपाटाची राणी म्हणजे मॉर्फिन. अफूपासून काढतात तिला. तिचा मला मनापासून तिटकारा आहे. ती अगदीच वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण तिची खरी हुशारी ओरडणाऱ्याला गप्प करण्यात आहे, आणि गप्प पडलेला रोगी माणसांना फार आवडतो. नातेवाईक खूश, डॉक्टर खूश, शेजारच्या खाटेवरचाही खूश.

त्याच कपाटात अगदी मागे एका धुळकट डबीत नॅलॉर्फिनच्या थोड्या कुप्या पडल्या होत्या. नॅलॉर्फिन म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा. तो त्याच घराण्यातला, पण घरच्यांवर उलटलेला. मॉर्फिन मेंदूत जिथे ठाण मांडून बसते, तिथून तो तिला ढकलून देतो आणि थांबू लागलेला श्वास पुन्हा चालू करतो. मात्र तिच्याबरोबर तिने आणलेली झोपही जाते आणि दुखणे परत येते. अशा औषधाला कोण विचारणार? ते कपाटात आहे, हे विष्णुपंतांच्या लक्षात तरी होते की नाही, कोण जाणे.

विष्णुपंतांचा मुलगा सुमंत डॉक्टर झाला नाही, बँकेत चिकटला. म्हणून त्यांनी शोधून डॉक्टर सून आणली. तिचे नाव प्रेमला. पुण्याला शिकलेली, शांत, आणि मला हातात धरण्याआधी रोग्याकडे बघणारी. पण त्या घरात सुनेने मामंजींना चारचौघांत उलट बोलायचे नाही, अशी रीत होती. स्वयंपाकघरातली ही रीत त्यांनी तशीच्या तशी हॉस्पिटलातही आणून ठेवली होती. माणसांचा मूर्खपणा एका खोलीत मावत नाही, तो घरभर हिंडतो.

आता त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट ऐका. विहिरींनी तळ गाठला होता आणि जो तो आपली विहीर आणखी खोल करत होता. मिरजगावकडच्या एका वस्तीवर भिमाजी नावाचा शेतकरी स्वतःच्या विहिरीत उतरला होता. वर दगड ओढायची यारी लावली होती. भरलेली पाटी वर जाता जाता कलंडली आणि एक धोंडा सरळ भिमाजीच्या मांडीवर आला. हाड मोडले, मांडी फाटली, रक्त वाहू लागले. धाकटा भाऊ सहादेव याने आपला पटका त्याच्या मांडीला आवळला आणि त्याला टेम्पोत घातले. भिंगारला पोचायला दुपार झाली. बरोबर भिमाजीची बायको कडूबाई होती, आणि वस्तीवरचे चार-पाच बाप्ये होते.

भिमाजीला टेबलावर ठेवले तेव्हा तो राखेसारखा पांढरट दिसत होता. कपाळावर गार घाम होता. तो सारखा मान इकडेतिकडे टाकत होता, पाणी मागत होता, उठून बसायला बघत होता. मित्रांनो, ही तळमळ दुखण्याची कमी आणि रक्त कमी पडल्याची जास्त होती. अंगातले रक्त फार गेले की मेंदूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि माणूस असा कासावीस होतो. त्याला झोपेची नव्हे, रक्ताची गरज असते. पण हे कुणाला बघायचे होते?

"साहेब, वाटंत दोन डाक्टरांनी दोन सुया मारल्या," कडूबाई हात जोडून म्हणाली. "दुखणं मारायच्या, झोपंच्या. पर काय गुन न्हाई. आता तुमच्या हातची एक द्या. लई आशेनं आलोय."

"दोन मारल्या, पर पान्यात गेल्या बघा," सहादेव म्हणाला. "आमी तवाच म्हनलो, भिंगारलाच न्यायचं."

वाटेतल्या दोन्ही डॉक्टरांनी विष्णुपंतांसारखाच विचार केला होता. दारात आलेल्याला सुईशिवाय कसे जाऊ द्यायचे? पहिल्याने मॉर्फिन दिले आणि पुढे पाठवले. दुसऱ्याने, पहिल्याचे लागू पडले नाही असे ऐकून, आणखी दिले आणि पुढे पाठवले. रक्त थांबवायचे आणि सलाइन लावायचे काम दोघांनीही पुढच्यावर सोडले होते.

प्रेमला भिमाजीची नाडी बघत होती. तिने मान वर केली. "मामंजी, दोन आधीच झाल्या आहेत. अंग इतकं गार आहे, त्या अजून..."

विष्णुपंतांनी तिच्याकडे फक्त बघितले. तिने मान खाली घालून पुन्हा नाडी धरली.

"दोघांचा हात हलका पडला असेल," ते मऊ आवाजात नातेवाइकांना म्हणाले. बाप्ये कौतुकाने हसले. विष्णुपंतांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडले, कुपी फोडली आणि मॉर्फिन माझ्या पोटात भरले. मला दट्ट्या आवळून धरता आला असता तर मी धरला असता. पण मी काच. मला भिमाजीच्या दंडात खुपसले, तेव्हा तो दंड भर उन्हाळ्यात रांजणासारखा गार लागला.

मी काय पाहिले ते सांगते. रक्त कमी पडले की शरीर हातापायांकडचा आणि कातडीकडचा पुरवठा तोडते आणि उरलेले रक्त काळीज आणि मेंदूसाठी राखून ठेवते. दंडात सोडलेले औषध उचलून न्यायला तिथे रक्तच फिरकत नव्हते. आधीच्या दोन्ही सुयांचे मॉर्फिन जिथे टोचले तिथेच साचून बसले होते. मी त्यात तिसऱ्याची भर घालून बाहेर आले. म्हणून गुण येत नव्हता. इतकी साधी गोष्ट त्या सगळ्या शहाण्यांमध्ये एकटीला कळली होती, आणि ती सून होती.

मग मात्र प्रेमला कामाला लागली. तिने पायाची बाजू उंच करवली, फुटलेली रक्तवाहिनी चिमट्यात पकडून बांधली, मांडीला फळ्या लावल्या, शिरेतून सलाइन सुरू केले. आणि रक्त मागितले.

वस्तीवरून येताना त्या बाप्यांनी म्हणे वाटभर जीव द्यायच्या गोष्टी केल्या होत्या. रक्ताचे नाव निघताच एकाला बिडी आठवली. दुसऱ्याला चक्कर आली. सख्खा भाऊ सहादेव म्हणाला, "मी जरा टेम्पो बघून येतो, उन्हात हुबा हाय." तो जो गेला तो गेलाच. रक्त दिले की बाप्याची ताकद कायमची जाते, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्यात ती मुळात किती होती, हे मला त्या दिवशी दिसले.

"माजं घ्या," कडूबाई म्हणाली आणि तिने बांगड्या कोपराकडे सारल्या.

श्रीमंतने तिचे आणि भिमाजीचे रक्त काचेच्या पट्टीवर तपासले. जुळले. तिचे रक्त बाटलीत आले आणि बाटलीतून भिमाजीच्या अंगात उतरू लागले. हळूहळू त्याच्या ओठांवर रंग आला. हात कोमट झाले. नाडी बोटाला लागू लागली. आणि कातडीखाली पुन्हा रक्त फिरू लागताच, वाटेतली पहिली सुई, दुसरी सुई आणि विष्णुपंतांची तिसरी, अशा तिन्ही सुयांचे साचलेले मॉर्फिन एकदम मेंदूकडे निघाले.

भिमाजीची तळमळ थांबली. मान स्थिर झाली. डोळे मिटले.

"झोपला गं बाई!" कडूबाईने पदर डोळ्यांना लावला. बिडीवाले परत आले होते. टेम्पो बघायला गेलेला सहादेवही परत आला होता. त्याने विष्णुपंतांच्या पायाला हात लावला. "साहेब, तुमच्या सुईनं गुन आला."

विष्णुपंत हसले. "झोपू द्या. आता कुणी आवाज करू नका."

आणि कुणी आवाज केला नाही. एक माणूस डोळ्यांदेखत मरत होता आणि त्याचे सगळे आप्त ओठांवर बोट ठेवून एकमेकांना गप्प करत होते. माणसांबद्दल मला उरलीसुरली जी आदराची भावना होती, ती त्या खोलीत संपली.

प्रेमला भिमाजीच्या छातीकडे बघत होती. तो एक श्वास घेई आणि दुसरा घ्यायचा विसरून जाई. तिने त्याची पापणी उचलली. डोळ्याची बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. ओठ निळे पडू लागले होते. तिने त्याला हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. तो हलला नाही. तिने त्याचा जबडा वर उचलून धरला, तोंडावर मुखवटा दाबला आणि रबरी पिशवीने श्वास द्यायला सुरुवात केली.

"मामंजी, किल्ली द्या. उतारा हवा आहे."

"कशाला?" विष्णुपंत अजून हसतच होते. "गाढ झोप लागली आहे त्याला."

"श्वास थांबतोय त्याचा."

"आणि उतारा दिलास तर जागा होऊन बोंबलेल. मग या लोकांना काय सांगायचं? आम्ही झोपवलं आणि आम्हीच उठवलं?" हे ते मऊ आवाजातच म्हणाले, पण माझ्या कानावर आले. म्हणजे त्यांना कळत नव्हते असे नाही, मित्रांनो. त्यांना कळत होते. भिमाजीच्या जिवापेक्षा त्यांना आपल्या हाताचा गुण प्यारा होता. अडाण्याची मला कीव येते. या माणसाची मला किळस आली.

श्रीमंत एकदा सुनेकडे आणि एकदा मालकाकडे बघत उभा होता. प्रेमलाने त्याला जवळ बोलावून मुखवटा आणि पिशवी त्याच्या हातात दिली. मग तिने ट्रेमधली पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि ती सगळ्यांच्या देखत सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"किल्ली सोडून द्या," ती म्हणाली, "नाहीतर जानवं कापून घेते."

खोलीत कुणी हलेना. सुनेने सासऱ्याच्या जानव्याला कात्री लावायची! बाप्यांनी तोंडावर हात ठेवले. भिमाजी मरतोय म्हणून नव्हे हं, जानव्यासाठी ठेवले. विष्णुपंतांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्यांनी कोटाची बटणे काढली, सदऱ्यात हात घातला, आणि गाठ सोडून किल्ली तिच्या हातावर टाकली.

तिने कपाटाच्या अगदी मागून ती धुळकट डबी काढली. चिमट्याने मला उकळत्या पाण्यातून उचलले, दट्ट्या बसवला, उतारा माझ्या पोटात भरला. सलाइनच्या रबरी नळीत मला टोचून तिने तो थेट शिरेत सोडला, थोडा थोडा, प्रत्येक वेळी भिमाजीच्या छातीकडे बघत. माझे पोट पहिल्यांदा अभिमानाने रिते झाले, ते त्या दिवशी.

आधी एक खोल श्वास आला. मग आणखी एक. मग छाती नेमाने वरखाली होऊ लागली. ओठांचा निळेपणा गेला. भिमाजीने डोळे उघडले आणि मोडलेली मांडी जागी झाली तसा तो जो किंचाळला, तो बाजारपेठेपर्यंत ऐकू गेला.

"बघा, बघा!" सहादेव प्रेमलाच्या अंगावर धावून आला. "झोपल्याल्या मानसाला उठवून दुखणं लावलं! डाक्टर हायेस का कोन हायेस? साहेबांनी बरं केल्तं, या बाईनं वाटोळं केलं!" रक्त द्यायला ज्याच्याकडे थेंब नव्हता, त्याच्याकडे शिव्यांचा मात्र भरपूर साठा होता.

कडूबाई भिंतीला टेकून, हातावर बोळा दाबून बसली होती. तीसुद्धा प्रेमलाकडे रागानेच बघत होती.  विष्णुपंत नुसते उसासा टाकून बाहेर निघून गेले, म्हणजे सगळ्यांना जे समजायचे ते समजले.

प्रेमला भिमाजीजवळून उठली नाही. उताऱ्याचा जोर मॉर्फिनच्या आधी ओसरतो. म्हणून ती त्याचे श्वास बघत बसली आणि ते पुन्हा मंदावू लागले तेव्हा तिने मला पुन्हा हातात घेतले. भिमाजी विव्हळत राहिला, आणि जगला.

आता याचे कौतुक कुणाला मिळाले ते सांगायला नकोच. मिरजगावपर्यंत एकच बातमी गेली. विष्णुपंतांच्या सुईने मरणाऱ्याला झोप लागली आणि सुनेने ती मोडली. त्या वर्षी विष्णुपंतांकडे गर्दी वाढली. सुनेच्या हातची सुई नको, असे बायका दारातूनच सांगू लागल्या. घरात जानव्याची गोष्ट निघाली की सासूबाई तिच्या हातचे पाणीसुद्धा न घेता उठून जात. माझे म्हणाल तर, एका सकाळी श्रीमंतच्या हातून मी फरशीवर पडले आणि टोकाचा टवका उडाला. सुई बसेना. मग मला विष्णुपंतांच्या टेबलावर ठेवले, फाउंटन पेनात शाई भरायला. दौतीतून निळी शाई ओढायची आणि पेनात सोडायची. ज्या हाताचा मला तिटकारा, त्या हाताच्या चिठ्ठ्यांसाठी मी पाणक्याचे काम करू लागले. पण टेबलावर असल्यामुळेच पुढचे मला बघायला मिळाले.

दिवाळी झाल्यावर भिमाजी आला. काठी टेकत, लंगडत, पण स्वतःच्या पायांनी. बरोबर कडूबाई होती. सहादेवही होता, नव्या पटक्यात. कडूबाईने नारळ विष्णुपंतांच्या पुढे ठेवला, माझ्या शेजारीच.

"साहेब, तुमच्या सुईनं वाचला ह्यो," ती म्हणाली.

"सगळी देवाची कृपा," विष्णुपंत म्हणाले आणि नारळ आपल्याकडे ओढून घेतला. लाज नावाची चीज बाजारात मिळत असती, तरी या माणसाने ती फुकटसुद्धा घेतली नसती.

प्रेमला मांडीवरचा व्रण तपासत होती. कडूबाई तिला म्हणाली, "बाई, राग मानू नका, पर तुमी सुया देत जाऊ नका. तुमच्या सुईनं लई दुखलं ह्यांना."

प्रेमला हसली. मग तिने विचारले, "कडूबाई, कोरड्या वाफ्यात खत टाकलंत तर पिकाला लागतं का?"

"पान्याबिगर कसं लागंल?"

"आज एक पाटी टाकलीत. लागलं नाही, म्हणून उद्या दुसरी टाकलीत, परवा तिसरी. आणि मग पाटाचं पाणी सोडलंत तर?"

"तर पीक जळून जाईल की. येवडं बी कळंना व्हय आमाला?"

"यांच्या अंगात तीन पाट्या पडल्या होत्या," प्रेमला म्हणाली. "पाणी तुम्ही सोडलंत, तुमच्या रक्ताचं. ते सोडायलाच हवं होतं, नाहीतर हे तसेच गेले असते. पण त्याबरोबर तिन्ही पाट्या एकदम लागल्या. ती झोप नव्हती, कडूबाई. श्वास थांबत चालला होता. मी ते औषध अंगातून मागे सारलं. म्हणून दुखलं, आणि म्हणून हे आज उभे आहेत."

 कडूबाईने नवऱ्याकडे बघितले. मग सहादेवकडे बघितले, तर तो खिडकीतून टेम्पो बघत होता. मग ती पुढे झाली आणि तिने विष्णुपंतांच्या हाताखालचा नारळ उचलला.

"अहो, अहो, तो मला दिला होता तुम्ही!" विष्णुपंत म्हणाले.

"दिल्ता," कडूबाई म्हणाली, "चुकून दिल्ता."

तिने तो नारळ प्रेमलाच्या ओटीत घातला आणि तिच्या पायांवर डोके ठेवले.

मित्रांनो, आता माझी काळजी घ्या, मला जपा, असे मी म्हणावे अशी तुमची अपेक्षा असेल. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल उकिरड्यावर टाका. फक्त सुई मागण्याआधी आपल्याला ती कशासाठी हवी आहे ते विचारा, आणि आधी काही दिले असेल तर दंड पुढे करण्याआधी ते सांगा, डॉक्टरांनी ऐकले नाही तर पुन्हा सांगा. आणि तुमच्या घरचे कुणी ओरडता ओरडता अचानक गप्प झाले, तर देवाला हात जोडत बसू नका. आधी त्याचा श्वास चालू आहे का ते बघा.